हटवार सरांची करवली

हटवार सर जिवंत आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आपल्याकडे एखाद्या माणसावर कोणी चार पानं लिहिली की वाचणारा लगेच फोटोला घातलेला हार शोधायला लागतो. सर सध्या दुर्गला मुलीकडे असतात. तिथल्या कॉलनीतल्या पोरांना फुकटात कवायत शिकवतात, आणि मी फोन केला की 'हॅलो'च्या जागी शिट्टी वाजवतात. कान सलामत ठेवायचा असेल तर फोन हातभर लांब धरायचा. मी भूतकाळात लिहिते आहे ते एवढ्यासाठीच की ते आमच्या मोहाडीतून गेले आणि मोहाडीचा आवाज निम्म्याने कमी झाला.

बांबूला पांढरी पॅन्ट घातली की हटवार सर तयार. पायात कॅनव्हासचे बूट, तेही पांढरेशुभ्र. त्यांना ते रोज खडू घासायचे, आणि शाळेतले खडू एवढे लवकर कसे संपतात हे कोडं मुख्याध्यापकांना शेवटपर्यंत सुटलं नाही. गळ्यात लाल दोरी, दोरीला शिट्टी. आम्हाला पी.टी. शिकवायचे. रिटायर झाले, पण शिट्टी रिटायर झाली नाही. पोरीच्या लग्नात त्यांनी अख्खी पंगत शिट्टीवर चालवली. एक आखूड शिट्टी म्हणजे बसा, दोन म्हणजे वरण आणा, आणि एक लांब म्हणजे उठा, दुसरी पंगत उभी आहे. नवरदेवाचा मामा जिलेबी हातात धरून उठला होता, असं अजून सांगतात.

जगातल्या सगळ्या गोष्टींसाठी त्यांच्याकडे दोनच शब्द होते: सावधान आणि विश्राम. भांडणारे कुत्रे दिसले तरी विश्राम, काकू चिडल्या तरी विश्राम. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, शांताकाकू. बुटक्या, गोल, आणि नवऱ्याच्या शिट्टीला जगात न घाबरणारं एकमेव माणूस.

"शांता, विश्राम!"

"तुमचा विश्राम चुलीत घाला जी, आणि पयले दळण आणा."

आणि सर दळणाचा डबा खांद्यावर घेऊन एक-दो-एक करत चक्कीवर जायचे.

मला पी.टी.त काही येत नव्हतं, पण ओरडायला त्यांनीच शिकवलं. "पोट्टी, आवाज पोटात असते. तू गळ्यातून कायले काढून राहिली?" ती विद्या मी आठवडी बाजारात वापरते. आमचा चार टाळक्यांचा एक गट आहे. आम्ही पत्रकं वाटतो: औषध विचारून घ्या, चिठ्ठीशिवाय घेऊ नका, दुकानदार म्हणजे डॉक्टर नव्हे. सर बाजारात भाजी घ्यायला आले की माझ्याकडून पत्रक घेत, तिथंच उभ्या उभ्या वाचत आणि परत करत.

"कागदवाली, एवढे उद्गारचिन्हं? तू बैल हाकून राहिली का माणसं?"

मी कमी केली. तरी सरांना ती जास्तच वाटायची.

पण सरांची खरी कीर्ती शाळेतली नव्हती, पटातली होती. धान कापून झालं, भातखाचरांच्या बांध्या वाळल्या, की आमच्याकडे गावोगाव शंकरपट भरतो. बैलजोड्यांची शर्यत. त्यात झेंडी धरणारा माणूस म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. छकडीला जोडी जुंपलेली, वर धुरकरी कासरा आवळून बसलेला, बैल नाकातून वाफा सोडताहेत, आणि सगळ्यांची नजर एका हातावर. तो हात खाली आला की सुटायचं. दुसऱ्या टोकाला घड्याळवाला त्याच क्षणी बटण दाबतो. झेंडी केसभर इकडेतिकडे झाली की वर्षभराचं वैर. हटवार सरांचा हात वर गेला की दगडाचा, आणि खाली आला की कुऱ्हाडीचा. म्हणून लोक त्यांना झेंडीसर म्हणायचे.

सुटण्याआधी सर बैलांची तोंडं हुंगायचे. मी खोटं सांगत नाही. बैलाच्या नाकाला नाक लावून. एका वर्षी भाऊरावांची जोडी आली. भाऊराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, ट्रॅक्टरवाले, मिशीवाले. बैलांचे डोळे लाल. सरांनी हुंगलं आणि लांब शिट्टी मारली.

"जोडी बाद!"

"काहून जी मास्तर?"

"मोहाची दारू पाजली आहे."

"अगा, थंडी किती आहे. जराशी. खुराक आहे तो!"

तेव्हा सर जे बोलले ते आमच्या भागात म्हणीसारखं झालं. "खुराक म्हणजे कुटार, ढेप, सरकी. जे पाजल्यावर बैलाले आपली ताकद किती हेच समजत नाही, तो खुराक नाही भाऊराव. तो बैलाले दिलेला दगा आहे."

भाऊराव पुढे पटाच्या कमिटीचे अध्यक्ष झाले. ते वाक्य मात्र विसरले नाहीत.

मग सरांचा उजवा हात हलायला लागला.

आधी अंगठा, जणू काही विडीची राख झटकतोय. मग मनगट. गावाने ताबडतोब निदान केलं: म्हातारपण. दुसरं निदान: चोरून पितेत वाटते. मला या फुकट डॉक्टरांचा भयंकर राग येतो. सर भंडाऱ्याला गेले. तिथे आठवड्यातून एकदा मेंदूच्या डॉक्टरबाई येतात, त्यांनी तपासून सांगितलं, पार्किन्सन. घरी येऊन दार लावून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. सर पुढच्या बाजाराच्या दिवशी कांद्याच्या ढिगाशेजारी उभे राहिले, शिट्टी मारली, आणि जाहीर करून टाकलं:

"मले पार्किन्सन झाला आहे. लागट नाही. दारू नाही. नुसतं म्हातारपण नाही. गोळी चालू आहे. प्रश्न?"

कांदेवाल्याने विचारलं, "सर, कांदे किती देऊ?"

"दीड किलो. विश्राम."

हाताची तर त्यांना गंमतच वाटायची. या आजारात बहुतेकांचा हात रिकामा असताना हलतो आणि कामाला लावला की थांबतो. सर आम्हाला प्रयोग करून दाखवायचे. हात मांडीवर ठेवायचा: थरथर, थरथर. हातात चहाचा कप घ्यायचा: शांत. "पाह्य, जिंदगीभर दुसऱ्याईचे हात-पाय शिकवले, आणि माहाच हात उलटा शिकला. विश्राम म्हटलं का कवायत करते, सावधान म्हटलं का थांबते. याले नापास करा."

पहिलं वर्ष-दोन वर्षं गोळीने कमाल केली. मग ती लवकर उतरायला लागली. पुढच्या गोळीची वेळ व्हायच्या आधीच सरांचे पाय जमिनीला चिकटायचे, तेही नेमके दाराच्या उंबऱ्यात. पुढे नाही, मागे नाही. मागे काकू तांब्या घेऊन अडकलेल्या. त्याच एकदा वैतागून ओरडल्या, "एक-दो-एक! एक-दो-एक!" आणि काय आश्चर्य, पाय सुटला! ताल दिला की चिकटलेलं पाऊल उचलतं, हे डॉक्टरबाईंनीही नंतर सांगितलं. पण मोहाडीत त्याचा शोध काकूंना शौचाला जायच्या घाईत लागला. तेव्हापासून त्या घरात रोज सकाळी काकू कवायत घेत आणि सर शिकत.

त्या वर्षीच्या पटात घोटाळा झाला. सरांनी झेंडी अजून वर केलीच नव्हती, हात खाली, विश्रामात. आणि विश्रामात हात काय करतो ते मी सांगितलंच आहे. झेंडी फडफडली. तरण्या धुरकऱ्याला वाटलं, सुटायचंय. जोडी सुटली! घड्याळवाला पान लावत होता. लोक चाकोरीतच उभे होते, ते इकडेतिकडे उड्या मारू लागले. एक बाई भज्याच्या परातीसकट बांधावर चढली. बैल शेवटच्या टोकाला न थांबता सरळ उसाच्या रसवाल्याकडे गेले आणि त्याचा ऊस खायला लागले. कोणाला लागलं नाही, एवढं नशीब. लोक पोट धरून हसले. सरही हसले. पण संध्याकाळी कमिटीने ठरवलं: पुढच्या वर्षी हटवार सरांना मानाची खुर्ची. मंडपात, पाहुण्यांच्या शेजारी, शाल-नारळ.

सर मला म्हणाले, "कागदवाली, माणसाले कामावरून काढाचं असलं का पयले त्याले खुर्ची देतेत."

पुढच्या पटात झेंडी धरायची. एवढंच आता त्यांना हवं होतं. मला विचाराल तर मलाही.

सल्ले आले. लाखनीच्या हायवेला एक तंबू लागतो, ट्रकवाल्यांना गुडघेदुखीचं तेल विकतो. तिथली एक पुडी भाऊरावांनीच आणून दिली, मनापासून. सरांनी विचारलं, यात काय आहे? भाऊराव म्हणाले, जडीबुटी. कोणती? ते म्हणे गुपित आहे. सरांनी पुडी हुंगली आणि लांब शिट्टी मारली. "बाद!" मी तिथंच उभी होते, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याही.

मग आम्ही तिघं भंडाऱ्याला गेलो. काकू बाहेर केळीवाल्याशी भाव करत राहिल्या, मी आत. डॉक्टरबाईंनी आधीपासून चालू असलेल्या मोठ्या गोळीसोबत घ्यायची आणखी एक गोळी लिहून दिली. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझा उद्धटपणा समजा. पण मला माझी माणसं माहीत आहेत, उद्या कोणीतरी हे पान घडी करून काउंटरवर ठेवेल आणि म्हणेल, ही द्या. ज्याची त्याची जोड-औषधं वेगळी असतात, आणि ती कोणाला कोणती हे पानावरून नाही, माणूस तपासून ठरतं.

"ही एकटी काही करत नाही," डॉक्टरबाई सांगत होत्या. "मोठी गोळी शरीरात लवकर मोडते. ही तिला मोडू देत नाही, म्हणून तिचा असर जास्त वेळ टिकतो. मोठीसोबतच घ्यायची, सुटी नाही."

सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे करवली! नवरदेव मोठी गोळी. करवली सोबत असली का नवरदेव मांडवात टिकते. एकटी करवली पाठवली तर लगन लागत नाही."

डॉक्टरबाई हसल्या आणि मग कडक झाल्या. करवलीमुळे मोठीचा जोर वाढतो, तेव्हा अंग नाचल्यासारखं हलायला लागलं, नसलेलं काही दिसायला लागलं तर लगेच कळवायचं. मोठीचा डोस कमी करायचा की नाही ते मी ठरवीन, तुम्ही नाही. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर ती हिच्यासोबत नको, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. बसल्यावरून उठताना सावकाश. स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही. आणि लघवीचा रंग तांबूस-केशरी होईल, त्याला घाबरायचं नाही.

सर प्रत्येक वाक्याला "जी" म्हणाले. शेवटच्या वाक्याला जरा खाली बघून म्हणाले.

आठवड्याने काकूंचा फोन. आवाज असा की मला वाटलं घरात चोर शिरला.

"पोरी, तू आत्ताच्या आत्ता ये! या वयात हे मास्तर खर्रा खाऊन राहिले!"

खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेलं आमच्या विदर्भाचं दुर्दैव. आणि हटवार सर म्हणजे खर्र्याचे हाडवैरी. शाळेत पोरांचे खिसे उलटे करायचे. मी धावत गेले. अंगणात सरांच्या तिन्ही पॅन्ट उलट्या केलेल्या, दोरीवर खिशांच्या जिभा बाहेर काढून लटकलेल्या. उशी उसवलेली. कॅनव्हासचे बूट पालथे. सर ओट्यावर छाती काढून बसलेले, हुतात्म्यासारखे.

"न्हाणीत पाह्य," काकू म्हणाल्या. "चार दिवसापासून रोज लाल-लाल थुकते हा माणूस. मी घासू घासू मेली. पन्नी मात्र भेटून नाही राहिली. कुठी लपवते कोण जाणे!"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी तोंड फिरवलं.

"सर, काकूले सांगतलं नाही का तुम्ही?"

"बायकोले काय सांगू? माह्या लघवीचा रंग?"

"आणि हे चार दिवस शिव्या?"

"शिव्या ऐकाची सवय आहे. तो विषय काढाची नाही."

मी काकूंना समजावलं. गोळीमुळे होतं, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, धोका नाही. काकूंनी न्हाणीकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. भिंतीला धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या.

"म्हणजे चार दिवस... मी न्हाणीत... माय वो! चाळीस वर्षं संसार केला आणि हे लाजून राहिले!"

"विश्राम!" सर गरजले.

"आता तर मुळीच नाही!" काकू म्हणाल्या, आणि पुन्हा सुरू.

त्या दिवशी मी घरी जाऊन आमच्या पत्रकात एक ओळ घातली: औषधाबद्दल जे डॉक्टरने सांगितलं ते घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगा, विशेषतः लाज वाटेल ते. उद्गारचिन्ह एकच.

करवलीने काम केलं. सर उंबऱ्यात अडकेनासे झाले. बाजारात पुन्हा सरळ चालत यायला लागले. पट जवळ आला तशी त्यांची रोज दुपारी अंगणात तालीम सुरू झाली. आणि एका दुपारी मी गेले तर गल्लीतली पोरंबाळं कुंपणाला लोंबकळून टाळ्या पिटताहेत, आणि आत सर नाचत होते.

झेंडी हातात. पण खांदा एकीकडे, मान दुसरीकडे, कंबर तिसरीकडे. पाय दंडारीतल्या नाच्यासारखे. तोंडावर आनंद मावत नव्हता.

"पाह्य कागदवाली! सुटलो! अख्खा सुटलो!"

असं म्हणता म्हणता ते दोरीवरच्या काकूंच्या लुगड्यात गेले, लुगड्याने त्यांना गुंडाळलं, आणि गुंडाळलेले हटवार सर तुळशीपर्यंत फिरत गेले. पोरं वेडी झाली हसून. मीही हसले. काकू हसल्या नाहीत. त्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं.

"काल दुपारी मले म्हणतेत, शांता, अंगणात लाल जोडी उभी आहे, पाणी पाज. मी गेली बी बादली घेऊन." त्या हळू बोलत होत्या, काकूंना हळू बोलताना मी प्रथमच ऐकलं. "अंगणात कोणीच नोहतं. आणि पाकीट पाह्य, लवकर संपून राहिलं."

मी लुगड्यातून सरांचं डोकं मोकळं केलं. "सर, गोळ्या जास्त घेऊन राहिले का?"

"थोडी. मधातच एक. नवरदेव-करवली दोघं."

"डॉक्टरबाईले विचारलं?"

"पट आला जवळ. पटाच्या आधी जोडीचा खुराक वाढवाच लागते. हे तुले काय समजते? पंधरा दिवस आधीपासून वाढवला नाही तर पटाच्या दिवशी दम कुठून येईन?"

राग म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. बाजारात पोटातून ओरडते तो राग नाही. सरांच्या गळ्यातली शिट्टी लुगड्याबाहेर आली होती. मी ती उचलली, तोंडात घातली आणि जेवढी लांब मारता येईल तेवढी मारली. कुंपणावरची पोरं गप्प झाली.

"जोडी बाद," मी म्हटलं.

सर माझ्याकडे पाहत राहिले. अंग हलतच होतं, पण डोळे थांबले होते.

"जे पाजल्यावर आपली ताकद किती हेच समजत नाही, तो खुराक नाही, सर. पुढचं तुमीच सांगा."

त्यांनी रिकाम्या अंगणाकडे पाहिलं. म्हणाले, "लाल जोडी होती वो. खरीच वाटली. शिंगं बी रंगवली होती." आणि मग, हळूच, "शांता, माहं तोंड हुंगून पाह्य."

काकू पुढे आल्या, खरंच हुंगलं, आणि म्हणाल्या, "बाद. चला भंडाऱ्याले."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई नव्हत्या, पण त्यांनी फोनवर ऐकून घेतलं, जे रागवायचं ते रागावल्या, आणि जादा एकही गोळी नाही म्हणून बजावलं. आठवड्याने तपासून मोठी गोळी थोडी कमी केली, वेळा नव्या बसवल्या. अंगणातले बैल गेले. नाच थांबला. पण त्याच भेटीत डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं होतं, "दिवसभर उभं राहणं जमणार नाही. औषध उतरतं तेव्हा उतरतं. तेवढा वेळ खुर्चीवर बसा."

"खुर्ची," सर म्हणाले. हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा दुसरा कोणी 'तिरडी' म्हणेल.

"मग तेवढा वेळ झेंडी कोण धरन?"

तेव्हा काकूंनी केळी पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "मी. इतके दिवस एक-दो-एक कोण म्हणून राहिलं घरात?"

परतीच्या बसमध्ये सर मोहाडी येईस्तोवर काकूंकडे बघत होते. बस थांबली तेव्हा म्हणाले, "करवली." बस्स, तेवढंच.

कमिटीत अर्थातच बोंबाबोंब झाली. भाऊराव मिशीवर हात फिरवून म्हणाले, "बाईमाणूस झेंडी धरते का कुठी?" मी तोंड उघडलंच होतं, मुद्दे तयार होते, पण सरांनी मला खुणेनं थांबवलं.

"भाऊराव, तुमच्या लग्नात तुमची करवली कोण होती?"

"बहीण."

"मग? मांडवात बाईमाणूस नसती तर तुमी अजून घोडीवरच बसले असते."

कमिटी हसली. हसली म्हणजे ठरलं, आमच्याकडे असंच ठरतं.

पटाचा दिवस. बांध्यांमधून दोन चाकोऱ्या आखलेल्या, भज्यांचा वास, भोंगा, धूळ. सरांनी वेळेवर गोळी घेतली, करवलीसोबत, ठरली तेवढीच; काकूंनी समोर उभं राहून पाहिलं. बूट खडूने पांढरे. ते सुटण्याच्या रेषेवर गेले तेव्हा भाऊराव तिथं उभे. हातात झेंडी, पण देत नव्हते.

"मास्तर, नियम म्हणजे नियम," भाऊराव म्हणाले. आणि ही एवढी मोठी मिशी सरांच्या तोंडाजवळ आली. दोन-तीनदा हुंगलं. सगळा पट बघत होता. "काय पाजलं आहे?"

सर सावधानात उभे राहिले. "डॉक्टरबाईनं सांगतलं तेवढंच."

"जोडी पास," भाऊराव म्हणाले आणि झेंडी दिली. मागची कितीक वर्षं ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं असणार. त्यांच्या मिशीखाली असा आनंद मी कधी पाहिला नव्हता.

सकाळभर सरांनी झेंडी धरली. एक युक्ती केली: हात रिकामा ठेवलाच नाही. एक जोडी सुटली की लगेच दुसरीसाठी वर. विश्राम नाहीच. हात वर दगडाचा, खाली कुऱ्हाडीचा. घड्याळवाल्याने त्या दिवशी पान लावलं नाही.

दुपार कलली. मी बांधावर पत्रकं घेऊन बसले होते, वाटायचं विसरून. सरांनी झेंडी खाली केली, जोडी सुटली, आणि ते तिथंच उभे राहिले. पाय चिकटले होते. कोणाच्या लक्षात आलं नसेल, पण माझ्या आणि काकूंच्या आलं. सरांनी स्वतःच लांब शिट्टी मारली. काकू पदर खोचून पुढे आल्या, एक-दो-एक म्हणाल्या, आणि सर त्या तालावर चालत मंडपाच्या कडेला त्या खुर्चीपर्यंत गेले. बसले. पुढची गोळी घेतली. पाणी प्यायले. उजवा हात मांडीवर आला आणि सुरू झाला, थरथर, थरथर. आता त्यात झेंडी नव्हती, आणि कोणतीही जोडी सुटली नाही.

तिकडे रेषेवर काकू. बुटक्या असल्याने त्यांना एका उलट्या टोपल्यावर उभं केलं होतं. झेंडी वर. धुरकरी एकमेकांकडे बघून हसत होते. काकूंनी पोटातून, गळ्यातून नव्हे, आवाज काढला:

"साऽऽवधान!"

धुरकऱ्यांचं हसू पडलं. बैलांचे कान उभे राहिले. आणि मंडपाच्या कडेला हटवार सर खुर्चीतून उठायला लागले, सवयीने. मांडीवरचा हात शिट्टीकडे गेला, आणि जाताना स्थिर झाला.

काकूंनी वळूनही पाहिलं नाही. "अवो, बसा तिथीच! तुमची पाळी झाली!"

अख्खा पट हसला. सरही. शिट्टी तोंडात तशीच होती, त्यामुळे हसताना ती वाजत होती, बारीक, तुटक, फुर्र-फुर्र. काकूंचा हात खाली आला, जोडी सुटली, धुळीचा लोट त्यांच्या खुर्चीवरून गेला आणि मला सर दिसेनासे झाले. नुसती ती शिट्टी ऐकू येत होती.